पाणी दिसलं पाहिजे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आयुष्यभर मुलांना पटाशी, रंधा आणि कानस धरायला शिकवत राहिले. त्यामुळे इथे कशावर बोलावं हा प्रश्न मला फारसा पडला नाही. एका माणसानं केलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात जाते, तेव्हा त्या दुसऱ्याच्या मनात काय होतं, यावर मी बोलणार आहे.

वस्तू घडवणारे आम्ही लोक कामाचा, खर्चाचा, टिकाऊपणाचा हिशेब मांडतो. घेणाराही हिशेब करतो, नाही असं नाही. पण तो करायच्या आधीच त्याच्या मनात काहीतरी होऊन गेलेलं असतं. कधी वस्तूवर जीव बसतो, कधी शंका येते, कधी उगाच धाकधूक वाटते. आमच्या कारखान्यांत आणि कृषी खात्याच्या बैठकांत या गोष्टीला 'मानसिकता' म्हणायची पद्धत आहे. "शेतकऱ्यांची मानसिकता बदलली पाहिजे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. माझं म्हणणं वेगळं आहे. माणसाला वस्तूबद्दल जे वाटतं त्यात त्याचा आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. ते वाटणं वस्तूला एक प्रश्न विचारत असतं. त्याचं उत्तर भाषणातून देऊन चालत नाही, ते वस्तूच्या घडणीतून द्यावं लागतं.

सुरुवात एका जुन्या मराठी उदाहरणानं करतो. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जात होता, माती नीट उलथत होता. तरी तो कोणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत होती, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट आपल्याकडे अंधश्रद्धेवर विज्ञानानं मिळवलेल्या विजयाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. ज्याच्याकडे एकच शेत आहे आणि वर्षातून एकच पाऊस आहे, त्याला जमीन नासली तर पुन्हा सुरुवात करायला जागा नसते. त्याच्या भीतीचं कारण चुकीचं असेल, पण भीतीचं माप बरोबर होतं. पुढे त्याच किर्लोस्करांचे नांगर महाराष्ट्रभर गेले, ते कोणाला वादात हरवून गेले नाहीत. शेजाऱ्याच्या शेतात नांगर चालला, तिथे पीक आलं, पुढच्या वर्षीही आलं, आणि ते गावानं पाहिलं.

आता खानदेशात येतो. आपल्याकडे हा प्रश्न पाण्याच्या रूपानं आला.

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा आणि बुराई नद्यांकाठी फड पद्धत कित्येक शतकं चालत आली आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी वाटायचं काम पाटकऱ्यानं करायचं. या पद्धतीवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे, ते बहुतेक सहकाराच्या अंगानं. मला तिच्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फडात पाणी सगळ्यांना दिसतं. पाटकरी पाटाच्या कडेनं चालत जातो, पाणी कुठे पोचलं ते डोळ्यांनी बघतो, आणि ज्याची पाळी आहे तो बांधावर उभा राहून आपल्या वाफ्यात पाणी शिरताना बघतो. कोणाला किती मिळालं यावर भांडण होत नाही असं नाही, पण निवाडा करायला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहतं पाणी असतं. इतकी वर्षं असं पाणी पाहिलेल्या माणसाच्या मनात 'भरणं झालं' याचा अर्थ पक्का बसतो. सरी तुडुंब भरली, पाणी दुसऱ्या टोकाला पोचलं, मातीचा रंग बदलला की भरणं झालं.

याच मुलखात पाणी डोळ्यांआड करण्याचा एक प्रयोग फार पूर्वी झाला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे साक्रीजवळच्या दातर्तीचं काम आलं. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाटाचं पाणी पलीकडे न्यायचं होतं. पाणी या काठाला जमिनीत शिरतं, नदीखालून जातं आणि त्या काठाला वर येतं. तिथे पाणी फक्त नदीच्या रुंदीएवढं दिसेनासं होतं आणि पलीकडे पुन्हा पाटात वाहू लागतं. ठिबकनं मात्र पाणी कायमचं झाकलं.

ठिबकची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी थोडी सांगतो. इस्रायलमध्ये सिमखा ब्लास या अभियंत्यानं थेंबाथेंबानं पाणी देणारी तोटी घडवली आणि 1965 मध्ये तिथल्या हात्झेरिम किबुत्झनं तिचं उत्पादन हाती घेतलं. आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या अखेरीस जळगावातून भवरलाल जैन यांनी ठिबकचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. वाकोदसारख्या खेड्यात जन्मलेला, 1963 मध्ये घरातल्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केलेला हा माणूस शेतकऱ्याचं मन ओळखून होता. तरीही पहिली वर्षं अवघड गेली, कारण ती वस्तू मुळातच डोळ्यांच्या विरुद्ध होती.

का, ते नळीतच आहे. ठिबकची नळी काळी असते. उन्हानं प्लास्टिक झिजू नये म्हणून त्यात काजळी मिसळतात, आणि उजेड आत गेला तर शेवाळ धरून तोट्या बुजतील म्हणून नळी पारदर्शक ठेवता येत नाही. म्हणजे पाणी दाखवणारी नळी केली तर ती टिकत नाही, आणि टिकणारी केली तर पाणी दिसत नाही. तोटीतून तासाला दोन-चार लिटर पाणी पडतं. जमिनीवर ताटलीएवढा ओला डाग दिसतो, बाकीची माती कोरडी ठणठणीत. खाली काय चाललं आहे ते वरून कळत नाही. तापीकाठच्या काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं आणि मुळांभोवती ओलाव्याचा कांद्यासारखा गोळा तयार होतो, वर लहान आणि पोटात मोठा. म्हणजे डोळ्यांना जे दिसतं ते आत जे आहे त्याच्या अगदी उलट. मे महिन्याच्या उन्हात, केळीची पानं दुपारी मिटलेली असताना, कोरड्या सऱ्यांकडे बघणाऱ्या शेतकऱ्याला बाग तहानलेली वाटते. तो कॉक बंद करत नाही. तास झाला, दोन झाले, अजून जमीन भिजलेली 'दिसत' नाही. ठिबक बसवूनही पाणी जास्त देण्याची सवय जगात सगळीकडे आढळते, मोरोक्कोत आढळते तशी यावल-रावेरातही. ज्या वस्तूनं पाणी वाचवायचं, तिच्यातूनच पाणी वाया जातं, कारण तिनं माणसाला समाधान दिलेलं नसतं.

मला यात शेतकऱ्याची चूक दिसत नाही. वस्तूनं त्याच्याकडून एक पुरावा काढून घेतला आणि त्याच्या जागी दुसरा दिला नाही.

ज्यांनी ठिबक खरोखर रुजवलं, त्यांनी हे ओळखलं. चांगला कृषी सहायक किंवा कंपनीचा जाणता माणूस बागेत जाऊन आकडे सांगत बसायचा नाही. तो फावडं मागायचा, तोटीपाशी खड्डा करायचा आणि शेतकऱ्यालाच आतली माती मुठीत दाबायला सांगायचा. गोळा वळला, पण हाताला चिकटला नाही, तर वापसा आहे. वापसा ही जाणीव आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. पावसानंतर औत कधी घालायचं ते तो वापशावरूनच ठरवतो. डोळ्यांचा पुरावा गेला तिथे हाताचा पुरावा आला, आणि हाताची जाणीव जुनीच असल्यामुळे ती पटली. माझ्या मते ठिबकच्या प्रसारातला सगळ्यात हुशार शोध हा होता, आणि त्याला कुठल्याही पुस्तकात शोध म्हटलेलं नाही.

दुसरी एक गोष्ट केवळ योगायोगानं घडली. नळ्यांत साचलेला गाळ काढायला नळीच्या शेवटच्या टोकाचं बूच उघडून पाणी जोरात सोडावं लागतं. हे देखभालीचं काम. पण बागेत उभं राहून पाहा. शेवटच्या टोकाला पाण्याची धार उडाली की शेतकऱ्याचा चेहरा बदलतो. पाणी इथपर्यंत आलं, हे त्याला दिसलं. पुष्कळ जण गरज नसतानाही बूच उघडून बघतात. ते गाळ बघत नसतात, स्वतःची खात्री करून घेत असतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ठिबक विकताना सगळा जोर पाण्याच्या बचतीवर होता. पण ज्या शेतकऱ्यांशी मी वर्षानुवर्षं बोललो, त्यांच्या बोलण्यात बचत नंतर येते, रात्र आधी येते. शेतीची वीज पाळीनं मिळते, आणि रात्रीची पाळी असली की डिसेंबरच्या थंडीत बॅटरी घेऊन चिखलात उतरायचं, एका सरीतून दुसरीत पाणी फोडायचं, पायाखाली काय येईल याचा भरवसा नाही. घरात बायको जागी, आई जागी. ठिबक आल्यावर मोटार सुरू झाली की कॉक फिरवायचा आणि झोपायचं. नळीवर जीव बसला तो या झोपेमुळे. वस्तू घडवणाऱ्याला आपल्या वस्तूत काय विकलं जातं आहे हे अनेकदा ठाऊकच नसतं, आणि ते शोधायचं असेल तर 'काय आवडलं' असं विचारून भागत नाही. 'आधी रात्र कशी जायची' असं विचारावं लागतं.

टिश्यू कल्चरच्या केळीचंही असंच झालं. पूर्वी केळी लावायची ती कंदानं. अर्धा-पाऊण किलोचा कंद हातात घेतला की त्याचं वजन तळहाताला कळायचं, आणि त्या वजनातच पुढच्या घडाची आशा असायची. 1990 च्या दशकात ग्रँड नैनची रोपं आली, पिशवीतली, वीतभर उंचीची, पाच-सहा पानांची. एवढ्याशा रोपाला इतके पैसे? ही शंका पैशांची नव्हती, हातातल्या हलकेपणाची होती. ती फिटली ती शेजारच्या बागेत एकाच वेळी केळफूल येऊन निसवलेली, एकसारखी उभी झाडं बघून. कंदाच्या बागेला दीड वर्ष लागायचं, तिथे वर्षाच्या आसपास घड तयार होऊ लागले, आणि जिथे घडाची रास, म्हणजे सरासरी वजन, ऐकून बागेचा मान ठरतो अशा भागात त्या राशीनं उरलेलं काम केलं. शिरपूर तालुक्यातल्या जलसंधारणाबद्दलही असंच म्हणता येईल. नाले रुंद आणि खोल करून बंधारे बांधले, त्यातून विहिरींना पाणी आलं, ही भूगर्भशास्त्राची करामत. पण लोकांचा विश्वास बसला तो नाल्यात उन्हाळ्यापर्यंत उभं राहिलेलं पाणी डोळ्यांना दिसलं म्हणून.

आता अमळनेरला जाऊ. 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्‌स ही कंपनी स्थापन केली. पुढे जगभर गेलेली विप्रो ती हीच. भोवताली भुईमूग पिकत होता, त्याच्या तेलापासून वनस्पती तूप करायचं, उरलेल्यातून 787 नावाचा कपड्याचा साबण करायचा, असा तो साधा धंदा. त्यांच्या वनस्पतीचं एक नाव सनफ्लॉवर होतं, आणि कंपनीनं पुढे कितीतरी वर्षं सूर्यफुलाची खूण बाळगली.

वनस्पती तूप ही भावनेच्या पायावर उभी केलेली वस्तू आहे, म्हणून मी ती इथे आणतो. शेंगदाण्याचं तेल चांगलंच होतं. खानदेशातल्या घराघरात ते पोटात जात होतं. मग त्याच्यात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन मिसळून ते घट्ट, पांढरं, रवाळ का करायचं? कारण रवाळ घट्ट स्निग्ध पदार्थ दिसला की आपल्याला तूप आठवतं. सण आठवतो, पंगतीतली वरणावरची धार आठवते, घर खाऊनपिऊन आहे असं वाटतं. ज्या घराला साजूक तूप परवडत नव्हतं, त्या घराला वनस्पतीनं तुपाचा मान दिला. मी त्याला हसणार नाही. गरिबाच्या ताटात सणाची शोभा आणणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्या शोभेची किंमत काय होती ते पुढे कळलं. तेल घट्ट करण्याच्या त्या अर्धवट प्रक्रियेतच ट्रान्स फॅट तयार होतात, आणि ते हृदयाला घातक असतात हे 1990 च्या दशकात पुरेसं स्पष्ट झालं. भारतात खाद्यतेल आणि वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. सुरुवातीच्या कारखानदारांना हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा नाही. तरी वस्तूच्या रचनेचा धडा म्हणून हे फार बोलकं आहे. अपाय तेलात नव्हता. तेलाला तुपासारखं दिसायला लावण्यात होता. भावनेचं रूप उसनं घेतलं, आणि त्या रूपासाठी जे करावं लागलं त्यातच दोष शिरला. वनस्पतीची भेसळ तुपात ओळखता यावी म्हणून सरकारनं त्यात तिळाचं तेल मिसळणं सक्तीचं केलं होतं. डोळे, नाक आणि जीभ फसू शकतात हे मान्य करून प्रयोगशाळेला सापडेल अशी खूण वस्तूच्या पोटात ठेवली होती. ती खूण घरच्या बाईला मात्र कधी दिसली नाही.

ठिबक आणि वनस्पती, दोन्ही आपल्याच जळगाव जिल्ह्यात तयार झालेल्या. एकीत खरं काम होतं आणि ते दिसत नव्हतं. दुसरीत दिसणं होतं आणि त्यामागचं खरं झाकलेलं होतं. वस्तू घडवणाऱ्याच्या हातात भावनेचा उपयोग करण्याचे हे दोन रस्ते कायम असतात.

आता थोडं शास्त्राकडे. अमेरिकेचे डोनाल्ड नॉर्मन यांनी 2004 मध्ये भावना आणि रचना यांवर एक पुस्तक लिहिलं, ते या विषयात मुख्य मानलं जातं. त्यांच्या मते वस्तूला आपण तीन पातळ्यांवर प्रतिसाद देतो. पहिल्या नजरेला ती कशी वाटली, हाताळताना कशी वाटली आणि नंतर तिच्याबद्दल आपण स्वतःला काय सांगतो. त्याआधी जपानमध्ये 1995 मध्ये कुरोसु आणि काशिमुरा यांनी बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्राच्या पडद्याचे 26 आराखडे लोकांना दाखवले. बटणं कामाला सारखीच, मांडणी वेगळी. जी मांडणी देखणी वाटली तीच वापरायला सोपी असेल असं लोकांनी सांगितलं. इस्रायलमध्ये नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं की हे जपान्यांच्या सौंदर्यदृष्टीमुळे झालं असेल, आपले लोक व्यवहारी आहेत. त्यांनी प्रयोग पुन्हा केला, आणि तिथे हा संबंध आणखी घट्ट निघाला. स्वतःला व्यवहारी समजणाऱ्या आपणा सर्वांना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

नॉर्मन यांचा एक मुद्दा मात्र मला खानदेशासाठी फार उपयोगी वाटतो. माणूस निवांत असतो तेव्हा त्याचं मन मोकळं असतं, वस्तूत काही अडलं तर तो दुसरी वाट शोधतो. तो धास्तावलेला असतो तेव्हा त्याचं लक्ष एकाच गोष्टीवर आवळलं जातं आणि अडलेल्या जागी तो पुन्हा पुन्हा तेच करत राहतो. आमच्या वस्तू वातानुकूलित खोलीत, चहा घेतलेल्या निवांत माणसांवर तपासल्या जातात. वापरणारा माणूस पीककर्ज घेतलेला, कपाशीवर पहिल्यांदाच आलेली कीड कसली ते न कळलेला असतो. या दोन माणसांना एकच वस्तू दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

माणूस वस्तूकडून खूण मागतो, हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला कोणी पुस्तिकेतून शिकत नाही, तरी प्रत्येक मराठी घरात तीन शिट्ट्यांचा भात आणि पाच शिट्ट्यांची डाळ असते, कारण बंद भांड्यात काय चाललं आहे त्याची ती एकमेव बातमी असते. इंडक्शनच्या शेगडीला ज्योत नाही, म्हणून कितीतरी बायका तिच्यासमोर अवघडतात. आणि गॅस आला तरी भरताची वांगी आपण आजही शेतात, काट्याकुट्यांवर आणि कपाशीच्या काड्यांवरच भाजतो. बामणोदच्या बाजूची ती मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी, ज्यांना 2016 मध्ये जळगावची म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, ती गॅसवर शिजतात, पण भरीत होत नाही. चवीचा भाग त्यात आहेच. पण हिवाळ्यात शेतात जमलेली माणसं, धूर आणि कळण्याची भाकरी हेही त्या पदार्थाचे भाग आहेत. खापरावरचे मांडे करणारी बाई उपड्या खापराची उष्णता वरून हात फिरवून ओळखते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी भरलेल्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, ती घागर मातीचीच लागते. स्टीलची चालत नाही, आणि का चालत नाही याचं स्पष्टीकरण कोणी मागत नाही. पोळ्याला आता ट्रॅक्टरलाही गोंडे बांधतात. खंडेनवमीला मशिनवर हळदकुंकू वाहणारा कामगार आणि जपानमधला वस्तूच्या स्पर्शाचा अभ्यास करणारा इंजिनिअर, दोघांनाही माणूस आणि वस्तू यांच्यात नातं असतं हे मान्य आहे.

हे नातं मांडवाच्या साहित्यातूनही दिसतं. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. नंदलाल बोस यांनी तिथली टिळकनगरी बांबू आणि गावच्याच साहित्यातून उभी केली. आलेल्या शेतकऱ्यांना ती परकी वाटली नाही, आणि गांधीजींना हेच हवं होतं. आपल्या घरातलंच साहित्य कुणीतरी मानानं मांडलेलं पाहून जी भावना जागी होते, ती भल्या मोठ्या मंडपानं जागी होत नाही.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात काळजी वाटते तिथे येतो. कीटकनाशकाच्या डब्यावर एक तिरकस चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. कायद्यानं ठरलेले रंग चार: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, पण विषारीच. आता ही रचना शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघा. हिरवा हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रंग आहे. पीक हिरवं, पाऊस झाल्यावर डोंगर हिरवा, सिग्नल हिरवा. निळा आकाशाचा, पाण्याचा. पिवळा हळदीचा, भंडाऱ्याचा. फक्त लाल रंग थोडा धोका सांगतो, तोही कुंकवाचा असतोच. ज्यांनी ही खूण ठरवली त्यांनी विषाची प्रतवारी नीट केली, पण रंगाला बघून पोटात काय होतं याचा विचार केला नाही. उलट डब्याच्या बाकीच्या भागावर टपोरं पीक, हसरा चेहरा, झेप घेणारा प्राणी, सगळं इतकं जोमदार असतं की तो चौकोन कोपऱ्यात विरून जातो. विक्रीच्या बाजूनं भावनेचं शास्त्र पूर्ण वापरलं जातं आणि सुरक्षेच्या बाजूनं अजिबात नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतमजूर विषबाधेनं दगावले. त्याला कारणं अनेक होती. पण त्यानंतर मजुरांना मास्क, हातमोजे, चष्मा वाटले गेले, आणि ते पुष्कळ ठिकाणी खुंटीला टांगलेले राहिले, कारण सप्टेंबरच्या उकाड्यात उंच वाढलेल्या कपाशीत ते घालून श्वास घेता येत नाही. लोक निष्काळजी आहेत असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. घुसमटीत माणूस आधी आत्ताचा श्वास वाचवतो, उद्याचं विष नंतर बघतो. ते साधन या उकाड्यासाठी घडवलेलंच नव्हतं.

कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांचंही असंच आहे. सरकारनं कमाल किंमत ठरवून दिलेली, आत सगळीकडे बीटीच, तरी मे-जूनमध्ये एखाद्याच वाणासाठी जळगाव-धुळ्यात दुकानासमोर रांग लागते. ती रांग पाकिटावरच्या चित्रामुळे लागते असं मी म्हणत नाही. मागच्या वर्षी कोणाच्या शेतात किती बोंडं लागली, हे माणसं जास्त मानतात. पण जिथे आतली वस्तू डोळ्यांनी पारखता येत नाही, तिथे नाव, चित्र आणि गर्दी हेच पुरावे होऊन बसतात, आणि खोट्या बियाण्याचा धंदा या तिन्हींची नक्कल करतो.

या सभागृहात जळगावच्या औद्योगिक वसाहतीतले उद्योजक बसले आहेत. चटईचे कारखाने इथे आहेत. प्लास्टिकच्या पट्ट्यांची चटई विणताना तुम्ही तिच्यावर सतरंजीची, गालिच्याची नक्षी उतरवता, दोन्ही बाजूंनी वापरता येईल अशी. तिच्यावर पाहुणा बसला की घरातल्या माणसाला संकोच वाटत नाही. ही नक्षी कामाला काही मदत करत नाही, आणि तरी ती चटईचा सगळ्यात उपयोगी भाग आहे. तुम्हाला हे शिकवायला मी आलेलो नाही, हे तुमच्या हाताला येतं. तेच ज्ञान शेतीच्या वस्तूंत यावं एवढंच मागणं आहे.

धुळ्या-जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सांगतो. सौरपंप आता गावोगाव बसताहेत. 2024 पासून राज्य सरकारची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आहे, सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे. दिवसा पाणी मिळतं, रात्र सुटली, हे उत्तमच झालं. पण सौरपंपाची धार ढगाबरोबर बारीक होते, ऊन आलं की जाड होते, आणि शेतकरी अजूनही पंपाची ताकद धारेच्या जाडीवरूनच ओळखतो. धार बारीक झाली की त्याला पंप बिघडला असं वाटतं. हीच धार पुढे ठिबकमध्ये गेली की तीही दिसेनाशी होते. म्हणजे दोन न दिसणाऱ्या वस्तू एकमेकींना जोडलेल्या.

त्यांच्यामध्ये बसेल असं एक साधन करा. मोबाइलवरचा संदेश पुरेसा नाही, कारण संदेश दुसऱ्या कोणाचा तरी असतो आणि शेतकऱ्याला पाण्याचाच पुरावा हवा असतो. वाफ्याच्या शेवटच्या नळीच्या टोकाला, पाण्याच्या दाबानंच वर उठणारी, बांधावरून दिसेल एवढी रंगीत काठी चालेल. दाब पुरेसा असेल तर उभी, कमी असेल तर अर्धी, नसेल तर आडवी. वीज नको, बॅटरी नको. दुसरी एखादी अशीच काठी मुळांजवळच्या मातीतल्या ओलाव्यावर चालणारी हवी, म्हणजे कॉक कधी बंद करायचा ते कळेल. ओलावा मोजणारी उपकरणं आहेतच, पण त्यांचे आकडे वाचायला शिकावं लागतं. काठी खाली आली की पाणी द्यायचं, हे कोणालाही शिकावं लागत नाही. उन्हानं रंग उडू नये, खारीनं कुरतडू नये आणि गाळानं अडकू नये, या तीन अडचणींशी तुमची खरी झटापट होईल.

आणि चाचणी हिवाळ्यात, पाणी मुबलक असताना घेऊ नका. मे महिन्यात घ्या, बाग निसवणीला आलेली असताना, ज्या विहिरीचं पाणी तळाला गेलं आहे अशा विहिरीवर, आणि काठी खरं सांगते आहे का ते त्या बागेच्या मालकाला फावडं घेऊन, खड्डा करून, स्वतःच्या मुठीनं तपासू द्या.